पुस्तकांच्या कपाटामागची खिडकी

प्रिय फुंकर,

भाषणं करणाऱ्या माणसांच्या घरच्यांची एक जुनी तक्रार असते, आणि ती रास्त आहे. बाहेर हजार माणसांसाठी ज्याचा घसा मोकळा होतो, तो घरात शिरताना कान दाराबाहेर ठेवून येतो. तू आणि तुझी आई या तक्रारीच्या जुन्या वाटेकरी. आज निषेधाचा ठराव तुम्ही मांडावा आणि मी मान खाली घालून ऐकावं, अशी वेळ आली आहे. पण तुम्ही दोघी कधी ठराव मांडत नाही. तुम्ही गप्प बसता, आणि तेच मला कायम सोयीचं पडत आलं.

आपल्याकडे म्हणावं तसं नवीन काही नाही. कोपऱ्यावरचा शिंपी चष्मा कपाळावर चढवून अजून विचारतो, “काय तोफखाना, आज कोणावर?” कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली की धुराड्याच्या पायथ्याशी आता गुडघाभर गवत आहे आणि संध्याकाळी तिथे मुलं चेंडू खेळतात. हवा स्वच्छ आहे. गच्चीवर वाळत घातलेलं पांढरं कापड पांढरंच परत येतं. फक्त आपल्या गल्लीतल्या बहुतेक खिडक्या अजून बंद आहेत. का, ते तुला सांगायला नको. त्या मीच बंद करायला लावल्या होत्या.

तो लढा खोटा नव्हता, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्या धुराड्याने माणसांची फुप्फुसं काळी केली होती आणि मालक म्हणत होते की लोकांना विड्या सोडायला सांगा. तेव्हा मी चौकात टेबलावर उभा राहून सांगितलं, त्यांचं विष आपण घरात घेणार नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर फटींत चिंध्या कोंबल्या गेल्या, झरोक्यांवर पुठ्ठे ठोकले गेले. आपल्या घरी मी त्याच्याही पुढे गेलो. तुझ्या खोलीची खिडकी सगळ्यात मोठी आणि नेमकी धुराड्याच्या तोंडावर. ती लावून घेतली, चौकटीला चिकटपट्टी मारली आणि तिच्यावर माझं पुस्तकांचं कपाट सरकवलं. “माझ्या लेकीच्या आणि त्या धुराच्या मध्ये मी पुस्तकांची भिंत उभी केली आहे!” या वाक्याला किती टाळ्या पडायच्या, आठवतं? तुला आठवत असणारच. तू पुढच्या रांगेत असायचीस.

तुझ्या खोलीतून उठवून थेट पुढच्या रांगेत मीच तुला बसवायचो. लाल डोळे, चोंदलेलं नाक, गळ्याभोवती आईची ओढणी. भाषण रंगात आलं की तू शिंकायचीस, एक नाही, ओळीने, आणि मी बोलणं थांबवून तुझ्याकडे बोट करायचो. काही बोलायची गरजच पडायची नाही. सभा हळहळायची. लहानपणी गार दुधावरसुद्धा फुंकर मारणारी पोर म्हणून आईने तुला हे नाव ठेवलं, आणि त्याच पोरीला जिना चढताना मध्ये थांबून दम गोळा करावा लागायचा. मी लोकांना म्हणायचो, हे पाहा धुराड्याचं पाप.

शाळेच्या सहलीहून परत आलीस तेव्हा तू चपलाही न काढता दारातच मला म्हणालीस, “बाबा, तिकडे मला एकदाही शिंक आली नाही. आणि आपल्या गल्लीत दिवसभर खेळले तरी येत नाही. फक्त माझ्या खोलीत झोपून उठले की येते.” साधं वाक्य. त्यात आरोपही नव्हता. त्यावर मी काय म्हणालो त्याची तुझी आई परवा मला आठवण करून देत होती, पण मी विसरलोच नव्हतो. “कारखान्याने तुला वकीलपत्र दिलंय का?” असं मी तुला विचारलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, पोरगी आहे ती, विरोधी पक्ष नव्हे.” त्या दिवसानंतर तू त्या विषयावर बोलली नाहीस. पुढे मोजणीदार झालीस, दिवसभर उघड्या माळावर साखळ्या आणि खुंट्या घेऊन फिरायला लागलीस, आणि तुझा दम परत आला. मी त्याचं श्रेय तुझ्या वयाला दिलं. घरी आलीस की तासाभरात जिन्यात जाऊन बसायचीस, मुक्काम टाळायचीस, आणि मी आईला ऐकवायचो, साहेबीणबाईंना आता आपलं घर लहान वाटतं.

आता आईची बातमी. तिने तुला कळवू नको म्हणून बजावलं आहे, म्हणजे हे पत्र तिच्या नकळत लिहितो आहे. पावसाळा संपल्यापासून तिला खोकला आहे. यंदाच्या पावसाळ्यापासून ती तुझ्या रिकाम्या खोलीत झोपते, माझ्या घोरण्याला कंटाळून. आधी खोकला, मग धाप, मग एका पहाटे तिला पलंगावर बसून दोन्ही हातांनी गादी धरावी लागली. दवाखान्यात ठेवलं. तिथे ती दोन दिवसांत अशी टवटवीत झाली की शेजारच्या खाटेवरच्या बाईंना भरतकामाचा टाका शिकवायला लागली. घरी आणलं, आणि आठवड्याच्या आत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी घराबद्दल विचारलं तेव्हा मी सवयीने धुराड्यापासून सुरुवात केली. आईने नाकावरची नळी बाजूला केली आणि म्हणाली, “पुरे झालं भाषण. डॉक्टर, मला इथे श्वास येतो, घरी येत नाही. एवढंच लिहून घ्या.”

तुझंच वाक्य. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या तोंडून.

घरी आलो, शिंप्याला बोलावलं, आणि दोघांनी मिळून ते कपाट ओढलं. मागची भिंत काळी होती, फुंकू. धुराने नाही. त्या काळ्याला लव होती. बोट लावलं तर मऊ लागलं आणि उडालं. खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं एकमेकांना चिकटून वीट झाली होती, त्यांच्या पाठी करड्या बुरशीने भरलेल्या. खिडकी बंद म्हणून कपडे घरात दोरीवर वाळणार, भाताची वाफ घरातच फिरणार, आंघोळीची ओल घरातच मुरणार, आणि ते सगळं पाणी जाऊन बसणार त्या गार भिंतीवर, माझ्या पुस्तकांच्या आड, तुझ्या उशीपासून हातभर अंतरावर. शिंपी नाकाला रुमाल लावून एवढंच म्हणाला, “तोफखाना, गोळा घरातच पडला की हो.” एरवी मी त्याला सोडला नसता.

मला ओल कळत नव्हती, असं म्हणून सुटता आलं असतं. पावसाळ्यात त्या खोलीला वास यायचा, तो मला येत होता. मी त्याला पुस्तकांचा वास म्हणायचो. पण खरं याहून वाईट आहे. तू सहलीहून आलीस तेव्हा दोनच दिवसांनी मोठी सभा होती. तुझं म्हणणं मी तपासलं असतं, कपाट हलवलं असतं, आणि तू बरी झाली असतीस, तर मी बोट कोणाकडे दाखवलं असतं? मला तुझी शिंक हवी होती. हे वाक्य मी कुठल्याही टेबलावर उभं राहून म्हणू शकणार नाही, म्हणून इथे लिहितो.

चिकटपट्टी सोलून काढली, खिडकी उघडली. कडी गंजली होती, हातोडीने हाणावी लागली. गल्लीत जाऊन घरोघर सांगतो आहे की मी सांगितलेलं आता मोडा, चिंध्या काढा. काही जण हसतात, काहींनी काढल्याही. पण आपली भिंत खरवडून, वाळून, पुन्हा गिलावा होईपर्यंत महिना-दोन महिने जातील, आणि तेवढे दिवस आईने या घरात राहता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. रविवारी तिला सोडणार आहेत, आणि ती हट्टाने इथेच येणार आहे. म्हणते, तुम्हाला चहासुद्धा धड करता येत नाही, आणि लेकीच्या संसारात मला आजारपण न्यायचं नाही. मी सगळी भाषणं करून पाहिली. माझं ती ऐकत नाही, आणि का ऐकावं? म्हणून तुला लिहितो आहे. माझ्यावरचा राग आहे तसाच ठेव, तो आईच्या आड आणू नकोस. लहानपणी तू खालून हाका मारायचीस आणि बंद खिडक्यांमुळे आम्हाला एकही ऐकू यायची नाही. आता येईल. रविवारी संध्याकाळी ये. वर चढू नकोस, तुला त्रास होईल. मी तिची पिशवी भरून ठेवतो. खाली रस्त्यावर उभी राहा आणि मोठ्याने हाक मार, “आई, चल माझ्याकडे.”

तुझाच,
बाबा