'बाहेरचं' गेम आणि दादाच्या गोळ्या

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण उद्या मुलाखती घ्यायला लोक आले तर तारखा चुकायला नकोत.

गेम ऐंशी टक्के तयार. विषय: मानसिक आजार. नाव: 'बाहेरचं'. आपल्याकडे माणसाचं डोकं बिनसलं की कोणी आजार म्हणत नाही, बाहेरचं झालंय म्हणतात. त्या शब्दालाच मी शिंगावर घेतलंय. हिरोला आवाज ऐकू येतात. पुढ्यात तीन दारं: देवऋषी, दवाखाना, गप्प बसणं. डार्क स्टोरी, एकही जोक नाही. मिरजगावात बसून असं कोणी केलं नसेल. पुण्यातही नसेल.

प्रेरणा: माझा थोरला भाऊ, मच्छिंद्रदादा. गेल्या वर्षी त्याला आवाज यायला लागले. टेम्पो बंद, बोलणं बंद. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आता बराच सावरलाय. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच. त्याला दर महिन्याला दाखवून आणायचं काम माझ्याकडे. या शुक्रवारी जायचंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई म्हणाली, उद्या नगरला जायाचं हाय, गोळ्या चारच राहिल्यात. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी नेतो, सोळाला लाँच आहे. ती म्हणाली, डाक्टरनी एक बी खाडा नको म्हून सांगितलंय. आईला डेडलाइन हा प्रकार कळत नाही. मी मार्ग काढला. दिवसाआड एक घेतली तर चार गोळ्या आठ दिवस जातात. दादाला तसं सांगून टाकलं. त्याने मान हलवली. समजूतदार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

टेस्टिंग. शाळेपासूनचा दोस्त अझीम, त्याच्या मोबाईलच्या दुकानात.

देवऋषीच्या दारात लिंबं ठेवलीत. लिंबू उचललं की स्क्रीन आणखी काळी होते. रूपक. अझीमने एकोणीस लिंबं उचलली आणि विचारलं, एका लिंबाला किती पॉईंट? मी म्हटलं, पॉईंट नाहीत, लिंबू म्हणजे अंधश्रद्धा. तो म्हणाला, मग एवढं चमकतंय कशाला? अझीमला टेस्टच नाही. काही बदलणार नाही.

दादा कसा हाय, असंही त्याने विचारलं. ठीक आहे म्हटलं. असणारच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आईचं म्हणणं, दादा दोन दिवस झोपलेला नाही. दुपारी मी कोडिंग करताना तो दारात येऊन उभा राहिला. काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. मी हातानेच थांब म्हटलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग गेला. हिरोच्या डोळ्यांत मला नेमकी हीच नजर हवी होती. लगेच उतरवून घेतली. अप्रतिम जमलीय.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी १०

लाँच झाला!

(शुक्रवारी नगरला जाणं झालं नाही, गेमचा ट्रेलर अपलोड होताना अडकला होता. सोमवारी नक्की. सोमवारी म्हणजे सोमवारी.)

१७ नोव्हेंबर, सोमवार

दोन हजार डाउनलोड! एका दिवसात!

रिव्ह्यू मात्र चमत्कारिक. भूत कितव्या लेव्हलला येतं? लिंबाची लेव्हल लई भारी. करण नावाच्या एकाने एकशे चाळीस लिंबं गोळा केली, स्क्रीन पार काळी झाली, तर त्याला वाटलं जिंकलो. फोटो टाकलाय. दवाखान्याचं दार सगळ्या जगात मिळून अकरा वेळा उघडलं गेलं. त्यातल्या नऊ वेळा मी.

चांगल्या कलेला वेळ लागतो. एकेकाला समजावण्यात दिवस गेला. नगर उद्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारच्या गोजरबाई हातात लिंबू घेऊन आल्या. खरं लिंबू. सुनेने त्यांना गेम दाखवला म्हणे. आईला म्हणाल्या, तुज्या गोरक्षनंच मोबाईलमदी लिवलंय की मच्छिंद्रला बाहेरचं झालंय, आता तरी देवऋषीकडं ने. आणि दादावरून लिंबू उतरवायला लागल्या. दादाने हात झटकला. हे आई सांगते. तसाच अनवाणी बाहेर पडला.

आईने मला दोनदा हाक मारली. मी लाईव्हवर होतो. एकशे दहा लोक बघत होते, मध्येच कसं उठणार? विषय होता, आजारी माणसाची घरच्यांनी काय काळजी घ्यावी.

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ६

दादा कालपासून घरी नाही. अझीम आणि मी मोटरसायकलवर हायवे पालथा घातला. एकेक ट्रक गेला की मी मागे वळून रस्ता बघत होतो. हे सगळं गोजरबाईंमुळे झालं.

गोळ्यांचं पाकीट बघितलं. रिकामं. कधीपासून, असं आईला विचारलं. तुलाच ठाव, म्हणाली.

मला भीती वाटते.

सकाळी ११

सापडला! कर्जतच्या एसटी स्टँडवर, बाकड्यावर बसलेला. पाय सोललेत, बाकी धड आहे. अझीमलाच दिसला. आई इथून गाडी करून कर्जतला गेली, आणि ती नि अझीम तिथूनच त्याला नगरला घेऊन गेले. गाडीत जागा होती. पण घरी कोणीतरी थांबायला हवं म्हणून मी थांबलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी

दादा काल दवाखान्यातून घरी आला. गोळ्या सुरू आहेत. थोडं बोलतो. आज त्याने आपणहून माझा गेम मागितला. देऊ का नको, असं झालं होतं. दिला.

तासभर खेळला. एकाही लिंबाला हात लावला नाही, सरळ दवाखान्याचं दार उघडलं. दोन हजारांत हा माझा पहिला खरा प्लेअर. ऊर भरून आला. कसा वाटला विचारलं. म्हणाला, चांगला हाय. आवाज आसंच येत्यात. घर बी आपलंच काढलंय. आय हाय, गोजरबाई हाय, दारातला कडुनिंब बी हाय. मग स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाला, ह्यात धाकटा भाऊ कुटं हाय?

मी लॅपटॉप उघडून सगळा कोड वरपासून खालपर्यंत शोधला. नव्हता. खरंच नव्हता. मला कधी सुचलंच नव्हतं. म्हटलं, दादा, पुढच्या अपडेटमध्ये टाकतो, दोन दिवसांचं काम आहे.

तो म्हणाला, नगं टाकू, हाय ते खरं हाय. आणि फोन माझ्या हातात देऊन आत आईकडे चहा मागायला गेला.