चित्रमहालाच्या चोवीस खिडक्या

इंदूर, ३ जुलै २०२५

ती. अक्कास,
धाकट्या चिंतामणचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तुझी नात वल्लरी बरी आहे, पण चित्रमहालात ती आता एकटीच उरली. माझ्या वेळी आम्ही पाच जण होतो. पुरातत्त्व खात्याने एकेक पद रद्द केलं. ती दारावर तिकिटं फाडणार की वर चोवीस खिडक्या बघणार? म्हणून निवृत्त असूनही रोज मीच जातो. ऊन असेतो खिडक्या उघडायच्या, ढग आले की लावायच्या. नाहीतर ओलीने भिंतीवर रंगवलेली मिरवणूक पोपडे धरते.

परवा खात्याचे साहेब आले. सगळं चकाचक बघून खूश! मीही छाती पुढे काढून सांगितलं, पाच जणांचं काम हा म्हातारा एकटा करतो, तेही फुकट. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं आणि मला पोहे-जलेबी खाऊ घातली.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा चिंतामण

बेटमा, १४ जुलै

चि. चिंतामणास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच. वल्लरी रविवारी येऊन रडून गेली. साहेबांनी अहवालात लिहिलंय, की महाल एका निवृत्त माणसाच्या हौसेवर उत्तम चालतो, तेव्हा उरलेलं पदही नको. तिचा बाप गेल्यापासून आमची चूल तिच्याच नोकरीवर पेटते, हे तुला सांगायला हवं का?

वीस ऑगस्टला तपासणी आहे. तोवर महालात पाऊल टाकू नकोस. माणूस नसला की काय होतं, ते त्यांना दिसू दे. तुझा जीव त्या भिंतींत आहे, मला कळतं. तरी सांगते.

औषध वेळेवर घे. रागावलास तरी पत्र टाक.
तुझी अक्का

इंदूर, २ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

गेलो नाही. ऊन पडलं की हात शिवशिवतात. काल राजवाड्यापर्यंत जाऊन महालाकडे खालूनच बघितलं. सगळ्या खिडक्या बंद. फुलवाल्याने हटकलं, की भिया, तबियत ठीक नहीं क्या. मी हो म्हणून परतलो.

चिंतामण

इंदूर, २८ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

तपासणी झाली. मिरवणुकीतली अर्धी माणसं गळून पडलीत. वल्लरीने तुकडे सुपात गोळा करून दाखवले. साहेबांनी लिहिलं, चित्रं आता वाचवण्यासारखी नाहीत. महाल बंद करावा आणि दारावर राखणीला एक पद कायम ठेवावं. तुझ्या नातीची नोकरी राहिली. पेढे वाट, अक्का. मला मात्र पाठवू नकोस.

काल लख्ख ऊन होतं. उरलेली भिंत तरी वाचेल म्हणून गेलो. वल्लरी बाहेर खुर्चीवर होती. एकदाच वर जाऊन खिडक्या उघडतो म्हणून तिच्या विनवण्या केल्या. तिने खाली बघत सांगितलं, की आजोबा, तुम्हाला आत सोडलं तर माझी नोकरी जाईल. मग उठून मला तिची खुर्ची दिली.

ऊन चांगलं चार वाजेपर्यंत होतं. आम्ही दोघं तिथेच होतो.

आशीर्वाद असू दे.
चिंतामण