घंटेआधीचा गहू

एल्मस्बरी, सेंट ल्यूकच्या सणाचा दुसरा दिवस, सन १३१६

चि. हॅमोस एव्हिसताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाद्रीबाबा लिहून देताहेत, तेव्हा अक्षर पाहून हुरळू नकोस. माझं डोकं पार चक्रावलंय. शनिवारी पुलाअलीकडे एका म्हाताऱ्याची गाडी चिखलात रुतली होती, गहू भिजत होता. मी सगळा घेतला, तोही त्याने सांगितल्यापेक्षा पोत्यामागे पेनी जास्त देऊन. बिचारा रडलाच. आणि आता म्हणे मी गुन्हेगार! बाजाराची घंटा व्हायच्या आत रस्त्यातच माल उचलला, म्हणून पंचांपुढे उभं राहायचंय. जास्त पैसे दिले म्हणून सांगितलं, तर पंचांचा कारकून म्हणाला की तो तर आणखी मोठा गुन्हा, त्याने भाव चढतो. कमी दिले असते तर लुबाडलं म्हणाले असते! माणसाने करावं तरी काय?

बाजारातली माझी पाव विकायची जागा गेली, तर तुझं ऑक्सफर्डही गेलं. इतकी वर्षं तिथे शिकतोयस, तर सांग, माझं चुकलं काय? हट्टी ताईवरची माया आटू देऊ नकोस.

एव्हिस

ऑक्सफर्ड, सर्व संतांचा दिवस

ती. एव्हिसताईस हॅमोचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून तसाच धावत गेलो. एका गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, भरल्या बाजारात ठरतो तोच रास्त भाव. दुसरे म्हणाले, छे, विकणाऱ्याचे कष्ट भरून निघतील तो. मग दोघांची अशी जुंपली की माझं जेवण निवलं. मला वाटतं, घंटेआधी बाजारच नाही, म्हणजे भावही नाही. मग नसलेला भाव तू चढवलास कसा? हे पंचांना सांग, गप्प बसतील. लिहिताना पटलं होतं, आता पुन्हा वाचलं तर तितकंसं पटत नाहीये. तरी सांगून बघ.

तुझ्या पावांवर पोसलेल्या भावावर लोभ असावा.

हॅमो

एल्मस्बरी, सेंट मार्टिननंतरचा सोमवार

चि. हॅमोस आशीर्वाद. वि. वि.

तुझं म्हणणं पाठ करून गेले. पंच खो खो हसले, म्हणाले की मग घंटेआधी चोरीही नसेल. मलाही हसू आलं. मग विणकराच्या सॅबिनाला पुढे बोलावलं. ती म्हणाली की त्या शनिवारी घंटा झाल्यावर ती दुपारपर्यंत टोपली घेऊन उभी होती, आणि तिच्यासारख्या तीस बायका. रस्ते वाहून गेलेले, गावात येणारी ती एकच गाडी होती. माझा पाव त्यांना परवडत नाही, मूठभर गहू नेऊन त्या पेज करतात. तिची धाकटी लेक त्याच आठवड्यात गेली. गव्हाने वाचली असती का, तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. हॅमो, शपथेवर सांगते, मला फक्त तो म्हातारा दिसला होता रे.

पावाची जागा राहिली, तुझ्या शिक्षणाची काळजी नको. पण मला चौकात मान-हात फळीत अडकवून तासभर उभं केलं. सडकी अंडी, कुजका कोबी मारायची रीत. यंदा फेकायला कुणाच्याच घरात काही नव्हतं. लोक नुसते उभे राहिले. सॅबिना सगळ्यांत पुढे होती. त्यापेक्षा दगड बरे होते.

काही सुचत नाही. जमेल तेव्हा येऊन भेटून जा.

तुझीच, एव्हिसताई