बोट आणि पांदण

बसरा, ता. १९ ऑक्टोबर १९८०

तीर्थरूप बाबांस,
ओमप्रकाशचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. एवढं आधी कमलाला सांगून या, मग पुढचं वाचा.

आमची बोट साखर घेऊन इथे आली. पोती उतरवून झाली आणि परत निघायला दोन दिवस उरले असताना लढाई सुरू झाली. बसऱ्याजवळची ही नदी म्हणजे समुद्राकडे जायची एकच वाट. तिच्या एका काठावर इराक, थोडं खाली गेलं की दुसऱ्या काठावर इराण. वाटेत बोटी बुडाल्यात, पाण्यात सुरुंग आहेत म्हणतात. आमच्यासारख्या साठसत्तर बोटी जगभरातून आलेल्या, सगळ्या इथेच उभ्या. तोफांचे गोळे डोक्यावरून जातात. पहिल्या दिवशी मी जनरेटरच्या खोलीत जाऊन बसलो होतो, आता मोजतसुद्धा नाही.

भांडणाच्या मुळाशी पुष्कळ काही असेल, पण बोटीवर ऐकतो ते असं, की इराक म्हणतो नदी पार पलीकडच्या काठापर्यंत आमची, आणि इराण म्हणतो हद्द मधोमध. तुम्ही म्हणत होतात, बोर धरणाच्या पाण्याला भिणारा पोरगा दर्यावर काय करणार. दर्या राहिला दूर, मी नदीतच बसलो आहे.

मीराचं बारसं झालं असेल. ती कोणासारखी दिसते ते कमलाने खरं लिहावं, माझं मन राखायला लिहू नये. पत्र कंपनीच्या मुंबई ऑफिसच्या पत्त्यावर टाका, महिनाभराने का होईना पोचतं.

आशीर्वाद असू द्या.

आपला,
ओम

---

हिंगणी, ता. २३ नोव्हेंबर १९८०

चिरंजीव ओमप्रकाश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुरीत होतो. कमला धावतच वावरात आली. तिथेच उभ्याने वाचलं. मीरा तुझ्यासारखी आहे, म्हणजे नाक सोडून. नाक देवाच्या दयेने तिच्या आईचं आहे.

तू घाबरू नको. मी रोज रेडिओ ऐकतो. युनोने दोघांना लढाई थांबवा म्हणून सांगितलं आहे, आणि कोणी मोठा माणूस दोन्हीकडे जाऊन बोलणार आहे. हे बरोबर चाललं आहे. आपल्याकडे दोघांचं वाजलं की तिसरा समजदार माणूस दोन वावरांमधल्या धुऱ्यावर जाऊन बसतो, मध्ये चंची उघडून ठेवतो. दोघांनी एका चंचीतली तंबाखू घेतली की भांडण संपलं. तिथेही तेच होईल, फक्त चंची मोठी लागेल. मी युनोला पत्रही लिहिलं, की बाकी लढाई तुम्ही सावकाश मिटवा, पण ज्यांचं भांडण नाही त्यांना आधी वाट द्या. पोस्टमास्तर हसला, म्हणाला काकाजी, हे आंतरदेशीय न्यूयॉर्कले नाई जात. मग जादा तिकिटं लावून पाकिटातून पाठवलं.

इथली बातमी म्हणजे पावसात नाला सरकला आणि आपल्या न् रूपरावच्या मधला हद्दीचा दगड वाहून गेला. बैलबंडी जायची पांदण पूर्वीपासून आपल्या वावरातली, हे तुला माहीत आहे. चुलतभाऊ असून रूपराव म्हणतो अर्धी माझी. मी सडकेकडच्या तोंडाला बाभळीचे काटे टाकले. त्याने रागाने नाल्याकडच्या तोंडाला टाकले. टाकू दे. मी एक इंच सोडणार नाही.

जेवणाची आबाळ करू नको. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

तुझा बाप,
लक्ष्मणराव

---

बसरा, ता. २८ डिसेंबर १९८०

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं युनोला गेलेलं पत्र मी सगळ्यांना सांगितलं. कप्तान म्हणाले, तुझ्या वडिलांना इथे बोलावून घे.

एक वाईट आणि एक चांगली बातमी आहे. वाईट ही की तीसपैकी चोवीस जणांना मोटारीने कुवेतकडे नेलं, तिथून ते घरी जातील. बोट अगदी सोडून देता येत नाही म्हणून सहा जण ठेवले. जनरेटर चालवायला इलेक्ट्रिशियन लागतो, म्हणून त्या सहांत मी. कोणी विचारलं नाही, यादी वाचून दाखवली. डिझेल थोडं आहे, दिवसातून दोन तास दिवे.

चांगली बातमी तुम्हाला आवडेल. युनोचा झेंडा लावून सगळ्या बोटी बाहेर काढायच्या, असं बोलणं चाललं आहे. त्या झेंड्याखाली असू तर दोन्हीकडचे तोफा डागणार नाहीत. आमच्या भटाऱ्याने पलंगपोस कपड्यांच्या निळीत बुडवला आणि झेंडा शिवून ठेवला. डाग पडलेत, पण दुरून निळा दिसतो. रोज कोणीतरी विचारतं, वाळला का.

काठावर खजुरीच्या झाडांत एक खेडं आहे. तिथली म्हातारी आम्हाला पाव आणून द्यायची. चार दिवस झाले, ती आली नाही. खेड्यातून धूरही दिसत नाही.

पांदणीचं वाचलं. आनंदाबाईंचं वावर पांदणीच्या पार टोकाला आहे. त्यांची बंडी कुठून जाते? कमलाने मला सविस्तर लिहावं.

मीराला माझा पापा.

आपला,
ओम

---

हिंगणी, ता. २९ जानेवारी १९८१

मीराच्या बाबांना,
सौ. कमलाचा सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. मामाजींना हे पत्र दाखवलेलं नाही. सासऱ्याविरुद्ध लिहिणारी सून, असं तुम्ही मला म्हणू नये.

आनंदाबाईंची बंडी कुठूनच जात नाही. सडकेकडे आपले काटे, नाल्याकडे रूपरावकाकांचे. त्यांचं दोघांशीही काही भांडण नाही. एकटी बाई, चार एकर कापूस, तो वेचून वावरातच पडला. सरपंच भैय्याजी तीन दिवस धुऱ्यावर चंची उघडून बसले. दोघांपैकी कोणी हात लावला नाही. मग पटवारी येऊन गेले, त्यांनी नकाशा उघडला आणि घडी करून परत नेला.

मामाजी म्हणतात, मी तिले अडवून नाई राह्यलो, खुशाल जावं, फक्त भैय्याजीसमोर म्हणावं का लक्ष्मणरावच्या वावरातून, त्याच्या परवानगीनं जातो. हे ऐकून रूपरावकाका म्हणाले, तसं म्हटलं तर माहे काटे जलमभर निघणार नाई. आनंदाबाई म्हणाल्या, मी कोणाचंच नाव नाई घेत, माही वरात याच पांदणीनं आलती, तवा कोणाले विचारलं होतं.

त्यांनी कापूस गाठोडं करून डोक्यावरून नाल्यातून न्यायला सुरुवात केली. सोमवारी गोट्यांवरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. बंडी जवळ नेता येईना. चार माणसांनी बाजेवर घालून नाल्यातून सडकेला आणलं. मी उशाशी धरून चालत होते. त्या ओरडल्या नाहीत, नुसते माझे हात घट्ट धरले होते. वळ अजून आहेत. वर्ध्याच्या दवाखान्यात आहेत, दोन महिने उठायचं नाही म्हणे.

त्या दिवसापासून मामाजी रेडिओ लावत नाहीत. पण काटे तिथेच आहेत.

मला तुमची फार आठवण येते. रागही येतो, कोणावर ते कळत नाही. मीरा आधार देऊन बसते. झेंडा वाळला का, ते कळवा.

तुमची,
कमला

---

बसरा, ता. ३ मार्च १९८१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

झेंड्याचं बोलणं फिसकटलं. एका काठाने हो म्हटलं होतं. दुसऱ्या काठाने सांगितलं की बोटी खुशाल जाऊ द्या, आमची काही हरकत नाही, पण झेंडा आमचा लावा, कारण नदी आमची आहे. मग पहिला काठ म्हणाला, तो झेंडा लावला तर आम्ही तोफा डागू. युनोचा माणूस भला असावा, पुन्हा येईन म्हणाला आहे.

हे कप्तानांनी सांगितलं त्याच आठवड्यात कमलाचं पत्र मिळालं. तिला एका शब्दाने बोलू नका, मी विचारलं म्हणून तिने लिहिलं. मी ते दोन तासांच्या दिव्यात वाचलं, दिवे गेल्यावर काडी ओढून पुन्हा वाचलं.

बाबा, इथे आम्ही सहा जण आनंदाबाई आहोत.

तुम्ही मला लहानपणापासून पाठीशी घातलं. तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही, आणि मी रागावलेलोही नाही. रात्रंदिवस या पाण्याकडे पाहून मला एवढंच वाटतं, की पलीकडे कोणी एक म्हातारा माणूस असेल, चांगला असेल, नातीला खेळवत असेल, आणि म्हणत असेल की मी कोणाला अडवून राहिलो नाही. त्याला मी काय लिहू? त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. तुमचा आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं.

पाववाली म्हातारी आली नाही ती आलीच नाही. झेंडा आता जेवणाच्या टेबलावर अंथरतो.

चुकलं असेल तर पोटात घाला.

आपला,
ओम

---

हिंगणी, ता. १२ एप्रिल १९८१

चिरंजीव ओमप्रकाश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कमलाला वाचायला दिलं. मग तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, कारण माझे डोळे नीट चालत नव्हते. तिला बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या सकाळी जाऊन आपले काटे काढले. हाताला लागले, ते ठीकच झालं. मग धुऱ्यावर चंची उघडून बसलो. स्वतःच्या भांडणात स्वतःच चंची घेऊन बसलेला मीच पहिला, लोक पाहून गेले. दोन दिवस रूपराव दुरून नुसता पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी आला, चिमूटभर तंबाखू घेतली आणि कुऱ्हाड घेऊन नाल्याकडचे काटे काढायला गेला. हद्दीचा दगड आम्ही अजून रोवला नाही. रोवायचा की नाही तेही बोललो नाही.

मी फार विचार केला. भैय्याजी आला, पटवारी आला, मी कोणाचं ऐकलं नाही. बाहेरचा माणूस येऊन बसू शकतो, त्याला काटे काढता येत नाहीत. ज्याने टाकले त्यालाच काढावे लागतात. आणि मीसुद्धा शहाणपणाने काढले नाहीत रे. आनंदाबाईचं हाड मोडलं तेव्हाही नाही काढले, ही गोष्ट मला मरेपर्यंत पुरेल. माझं पोरगं बोटीत अडकलं म्हणून काढले. त्या दोन सरकारांचं कोणी पोरगं तुझ्या बोटीवर नाही, याची मला आता भीती वाटते. पूर्वी मी तुला घाबरू नको लिहीत होतो, ते आता लिहवत नाही.

परवा आनंदाबाई दवाखान्यातून आल्या. बंडीत गवत घालून मीच पांदणीतून त्यांना वावर दाखवायला नेलं. कापूस पार मातीत गेला आहे. सगळी वाट त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. टोकाला पोचल्यावर एवढंच विचारलं, ओम कधी येऊन राह्यला. मी बैल परत वळवले.

मीरा आता धरून उभी राहते. युनोचं उत्तर आलेलं नाही. पांदण मोकळी आहे.

तुझा,
बाबा