मागची रांग उभी असते

बाबा, शेवटी मी खुर्च्या काढायला लावल्या. नव्या रायपुरातल्या त्या मोठ्या सभागृहात, तालीम सुरू असताना, सगळ्यांच्या देखत. तुम्ही असता तर आधी रागावला असता आणि मग घरी येईपर्यंत मिशीतल्या मिशीत हसला असता, म्हणून तुम्हालाच सांगायला बसले आहे.

तुमचा वाद्यवृंद अजून आहे, आणि चांगला आहे. शाळेत संगीत शिकवणाऱ्या माणसाने रेडिओवर सिम्फनी ऐकून रायपुरात तसं काही उभं करायला निघावं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं तेव्हा आपला अख्खा बुढापारा मोहल्ला म्हणायचा. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक विचारायचे, गाणारी बाई कोण आहे? व्हायोलिनसाठी आपल्या मराठी घरांतली पोरं मिळाली, पण ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट कुठून आणायचे? तुम्ही सरळ गोल बाजारात गेलात आणि लग्नाच्या बँडवाल्यांना घेऊन आलात. लग्नसराईत ते वरातींपुढे असायचे, म्हणून आपली तालीम चातुर्मासात, लग्नं बंद असताना. आपला वार्षिक कार्यक्रम आजही देवउठनी एकादशीच्या आधी, लग्नं पुन्हा सुरू होण्यापूर्वी होतो. बाहेरच्या पाहुण्यांना हे कोडं वाटतं आणि मला ते सोडवून सांगायला फार आवडतं.

आपली पुढची खोली मला आत्ताही दिसते. आतून फोडणीचा वास येतोय, आम्ही व्हायोलिनवाले सतरंजीवर, आणि बँडवाले आईच्या लोखंडी खुर्च्यांवर अवघडून बसलेत. जन्मभर चालत वाजवलेली माणसं. बसलं की त्यांचा श्वास अडतो, सूर बसका निघतो, आणि जरा रंग चढला की कोणीतरी नकळत उठून उभं राहतं. तुम्ही छडी आपटता. "ये बारात नहीं है भैया, बैठिए." ते मुकाट्याने बसतात. बँडचे मास्टर एकदा हात जोडून म्हणाले, "बइठे-बइठे त हमन खाथन गुरुजी, बजाथन त खड़े होके." बसून जेवायचं, वाजवायचं ते उभ्यानेच, हे तुम्ही ऐकलं नाहीत. तुमचा हट्ट म्हणजे हट्ट. मलाही त्याच खोलीत सगळ्यांसमोर बोलला होतात, "काहून दुसऱ्याच्या आवाजाआड लपून वाजवून राहिली, पोट्टे? चुकलीस तर चुकू दे, पण ऐकू येऊ दे." मी रात्री जेवले नव्हते.

मग श्रावणातला तो शुक्रवार. आईकडे हळदीकुंकू होतं आणि तुमची तालीम संपता संपत नव्हती. आई पदर खोचून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काहून भांडून राहिले रोज? उभं राहू द्या ना त्यांना. खुर्च्या मले पाहिजे, बाया येऊन राहिल्या." आणि तिने बँडवाल्यांच्या खालून खुर्च्या उचलल्या. ते उभे राहिले, मास्टरांनी ट्रम्पेट ओठाला लावला, आणि बाबा, तो आवाज. खिडकीच्या काचा थरथरल्या. तुम्ही छडी खाली ठेवलीत. त्या दिवसापासून आपली मागची रांग, बँडवाल्यांची, उभी असते.

यंदा वाद्यवृंद चालवायला बाहेरून मोठे संचालक बोलावले. फार शिकलेले आहेत, माणूसही वाईट नाही. पहिल्याच तालमीला मागच्या रांगेकडे बोट करून म्हणाले, "ब्रास सेक्शन बैठेगा. दुनिया में हर जगह बैठता है." मास्टरांचा नातू आता आपला पहिला ट्रम्पेट. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बइठ जाबो दीदी, का होही. अइसन मउका फेर नइ मिलय." असा मौका पुन्हा मिळायचा नाही, म्हणून सगळे बसले. वाजवलंही बरोबर, सगळं सुरात, आणि त्यात आपलं काहीच नव्हतं. नातवाची मान खाली होती. संचालक परत जातील, कार्यक्रम हातचा जाईल, हे मला कळत होतं. पण तुमचं ते लपून वाजवण्याचं बोलणं आठवलं आणि मी व्हायोलिन मांडीवर ठेवून उठले.

सांगितलं की हा वाद्यवृंद वरातींपुढे चालणाऱ्या माणसांनी उभा केला आहे आणि ही रांग बसणार नाही. त्यांनी नोटेशन पुन्हा पहिल्या पानावर आणलं. मग म्हणाले, "ठीक है, सुनाइए." खुर्च्या गेल्या. एकदा ऐकून त्यांनी फक्त पान उलटलं आणि म्हणाले, पुढे. कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मागची रांग उभी, सगळ्यांचे पाय तालात, आणि शेवटच्या सुराला माझ्या अंगावर काटा आला. मला तुमचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

आता हे पत्र कुठल्या डब्यात टाकायचं? ट्रंकेत तुमच्या छडीपाशी राहील. पण एक कबूल करते. त्या तालमीत मी छाती पुढे काढून सांगितलं की कलाकारांचा मान म्हणून त्यांना उभं राहू देण्याचा निर्णय तुमचा होता. पोरं आता हेच एकमेकांना सांगतात. आईच्या कानावर गेलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "तुह्या बापाने जिंदगीत माझं एकच ऐकलं, अन् तेही तू त्याच्याच नावावर करून टाकलं." दुरुस्त करायला हवं, बाबा. पण मी करणार नाही.