टाकीतल्या बारा ठिणग्या

उत्तर ऑन्टारिओ, २ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप कालेवीदादास,

रेयोचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे खाणीने खाल्ल्यामुळे तूर्त फक्त शिर पोचलं असं समजावं.) कंबर कशी आहे? वाफ घ्यायच्या सौनाची भट्टी तू स्वतः दुरुस्त केलीस असं मार्यात्तावहिनी फोनवर म्हणाल्या, तेव्हा घर अजून उभं आहे ना, तेही कळव. खाणीतल्या शेवटच्या पाळीला आणलेला तो खनिजाचा खडा तू आंघोळीलाही हातातून सोडत नाहीस, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांना म्हणावं, नवऱ्याच्या हाती खडा तरी लागला, दिराच्या हाती तोही नाही.

पत्राला कारण वाईटच आहे, म्हणून आडवळणाने सांगतो. सव्वीस वर्षं मी सकाळी सहाला, तुझ्याच जुन्या सोबत्यांच्या कोपरांत दबून, लिफ्टच्या पिंजऱ्यातून दोन किलोमीटर खाली जातोय. विश्वातला बहुतेक माल डोळ्यांना दिसत नाही. त्यातला एखादा कण चुकूनमाकून खाली बसवलेल्या आमच्या टाकीत धडकेल आणि ठिणगी पडेल, एवढ्याच आशेवर. खाणवाले रोज विचारतात, "काय प्रोफेसर, गावलं का काही?" नाही म्हटलं की, "पगार तर गावतो ना?" पहिल्या टाकीत काही सापडलं नाही. मग दुसरी मोठी बांधली, तिच्यात आणखी अचूकपणे काही सापडलं नाही. आमचं 'नाही' सगळ्यात पक्कं म्हणून मला पदकही मिळालं. (माझ्याबरोबर शिकलेला बर्नार्ड बँकेत गेला. त्याचं तळ्याकाठी घर आहे आणि तो मला म्हणतो, "तुझा हेवा वाटतो रे." असल्यांना त्याच तळ्यात ढकलावं.)

तर गेल्या वर्षीच्या नोंदींत बारा ठिणग्या दिसल्या. आता आमची रीत ऐक. खाण विकणारे ठग खडकात सोनं पेरून ठेवायचे, हे लहानपणी तूच सांगितलं होतंस. आम्ही तेच स्वतःशी करतो. आशेपायी माणूस आकड्यांकडून हवं ते वदवून घेतो, म्हणून आमच्यातलं कुणीतरी एक जण नोंदींत गुपचूप खोट्या ठिणग्या पेरतं, त्यांची यादी पाकिटात बंद करतं आणि आकडेमोड संपेपर्यंत तोंड उघडत नाही. ही रीत आमच्याकडे कुणी आणली? मी! नऊ वर्षांपूर्वी, भर सभेत टेबल बडवून. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

वर्षभर मी त्या बारा जणींना पोटच्या पोरींसारखं सांभाळलं. नवा कोटसुद्धा घेतला. मंगळवारी ओडेटने (माझीच जुनी विद्यार्थिनी, या खेपेची पेरणी तिच्याकडे होती) सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि वाचायला लागली. पहिली पेरलेली. दुसरी पेरलेली. पाचवीपर्यंत लोक माझ्याकडे बघत होते, नंतर बघेनासे झाले. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, मी तरी काय करू? नियम तुमचाच." मी म्हणालो, "छान पेरलंस गं." मग केक कापला, कारण केक आधीच मागवलेला होता. दादा, मला फार लागलं. वर येताना पिंजऱ्यात कुणी काहीच विचारलं नाही, म्हणजे बातमी खाणभर झाली होती. डिसेंबरात टाकी रिकामी करणार आहेत, आणि तिच्याबरोबर मलाही.

वहिनींना नमस्कार. भट्टीपासून लांब राहा.

तुझा धाकटा,
रेयो

ता. क. बारा ठिणग्या होत्या, पण ओडेटच्या यादीत अकराच निघाल्या. बारावी कुणी पेरलेली नाही. तिची तारीख बावीस मार्च.

ता. क. २. तू टाकी बघायला आलास ती तारीख त्याच सालची वीस मार्च. टाकीचं झाकण त्या दिवशी दुरुस्तीसाठी उघडं होतं. खनिजाची चिमूटभर धूळ आत पडली, तर नंतर कधीही अगदी हुबेहूब तशीच ठिणगी पाडते. म्हणून तर आम्ही पाहुण्यांना न्हाऊ घालून, आमचे कपडे चढवून आत घेतो. तूही न्हालास, कपडे बदललेस. पण झाकणाशी काढलेल्या फोटोत तुझी डावी मूठ मिटलेली आहे. तो फोटो अजून फक्त माझ्याकडेच आहे. मूठ रिकामी होती, एवढं एका ओळीत लिहून पाठव.

ता. क. ३. नसेल रिकामी, तर खरं तेच लिही. नियम माझाच आहे. फक्त पत्र जानेवारीत टाक.