पाहुण्यांच्या खोलीतलं नेब्रास्का

आदरणीय मेहुणेसाहेब लेनर्ड,

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही त्याच्याविषयी जे सविस्तर लिहिलं होतंत, ते आम्ही नाश्त्याच्या वेळी मोठ्यानं वाचलं आणि सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं (मार्मलेड मात्र कुणी सोडलं नाही). म्यूरिएलवहिनींच्या गुलाबांवरची कीड एव्हाना गेली असेलच. इकडे तुमची बहीण ग्लेनिस बरी आहे. तुमच्या मातोश्रीही ठणठणीत. गेल्या वर्षी डॅफोडिलं फुलली तेव्हा त्या दोन आठवड्यांसाठी म्हणून आल्या. आता डॅफोडिलं पुन्हा फुलली आहेत.

फोनवर ग्लेनिसनं तुम्हाला सांगितलं म्हणे, की डेस्मंड अमेरिकन झाला. ही निव्वळ बदनामी आहे. मी आजही चहात दूध घालतो आणि कसली आहे ते न विचारता रांगेत उभा राहतो. झालं ते एवढंच, की मला अमेरिकन आगगाड्यांचं वेड लागलं, आणि तेही शौचालयाच्या दारात. नीट सांगतो.

आमच्या गावच्या, आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या मंडळात मी कित्येक वर्षं सभ्य माणसासारखा वागलो. म्हणजे इतरांनी जे बनवलं तेच मीही बनवलं. पश्चिमेकडच्या खेड्यातलं एक स्टेशन, हिरवं इंजिन, दोन डबे, एक गाय, आणि चर्चच्या दारात कायमचं चाललेलं एक लग्न (नवरानवरीला गोंदानं चिकटवलंय, त्यामुळे हे तरी टिकेल). काम झकास झालं होतं हो. पण आपल्याच देशातलं स्टेशन बनवण्यात एक धोका असतो : त्या फलाटावर लहानपणी उभा राहिलेला कुणीतरी अजून जिवंत असतो आणि तो प्रदर्शनाला येतो. अंगात पावसाळी कोट, खिशात अंड्याचं सँडविच. दोरीवरून वाकून तो बराच वेळ बघतो आणि मग घरात कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणतो, "माफ करा हं, पण कंदील डाव्या बाजूला होता."

माझं स्टेशन पहिल्यांदा प्रदर्शनात मांडलं त्या दिवशी असे दोघे आले. एकाचं म्हणणं, दाराचा हिरवा रंग युद्धाआधीचा आणि इंजिन युद्धानंतरचं. दुसऱ्याचं म्हणणं, रंगही नंतरचाच, पण उन्हानं विटलेला. दोघं दुपारभर माझ्यासमोर भांडले, म्हणजे एकमेकांना "आपलं बरोबर असेलही" असं म्हणत राहिले (आपल्याकडे यापुढची पायरी फक्त खुनाची). मी गाडी सुरू करायला हात पुढे केला, की दोघंही असे बघत, जणू मी प्रार्थनेत ढेकर दिलाय. शेवटी मंडळाचे अध्यक्ष ऑगडेनसाहेब आले आणि कानात म्हणाले, की वाद मिटेपर्यंत गाडी हलवू नका.

मी चहा आणायला गेलो. हॉलच्या पार टोकाला, शौचालयापाशी, मंडळ दरवर्षी अमेरिकन गाड्यावाल्याला जागा देतं (त्याला बोलावलेलं नसतं, पण येऊ नका म्हणणं आपल्याला जमत नाही). तिथं चौकड्याच्या शर्टातला एक धिप्पाड माणूस उभा. बॅरी नाव, आपल्या इथल्याच वुल्व्हरहॅम्प्टनचा, पेशानं ओव्हन दुरुस्त करणारा. ओळख ना देख, त्यानं गाडीचा कंट्रोल सरळ माझ्या हातात ठेवला.

"धर रे जरा. मला लघवीला जायचंय. तोवर तू चालव."

लेनर्ड, ऑगडेनसाहेबांनी इतक्या वर्षांत त्यांच्या इंजिनावरची धूळ मला फुंकूही दिलेली नाही. आणि इथं माझ्या हाताखाली एकामागे एक चार इंजिनं आणि त्यांच्यामागे डबेच डबे, प्रत्येक वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या रंगाचा, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. बॅरी बराच वेळ परतला नाही (आला तेव्हा त्याच्या अंगाला बेकनचा वास येत होता). तेवढ्यात वळणावर मी जरा जोरात हाकली आणि धान्याचे डबे धडाधड रुळांवरून खाली. बॅरी आल्याआल्या मी माफी मागायला लागलो. त्यानं एकदा वाकून पाहिलं.

"पडले? तिकडेही पडतात."

आणि डबे उचलायला लागला. मी धीर करून विचारलं, की या डब्यांचे रंग बरोबर आहेत का. तो म्हणाला, "कुणास ठाऊक. मी कधी गेलोय तिकडे?"

मी घरी आलो तो प्रेमात पडूनच.

आता अडचण अशी, की अमेरिकन गाडी लांब असते. आपली गाडी चहाच्या ट्रेमध्ये मावते. त्यांचं इंजिन सगळा फेरा मारून घरी परत येतं तरी शेवटचा डबा अजून निघतोच आहे. ग्लेनिसनं स्वयंपाकघरातून हाकलल्यावर मी पाहुण्यांच्या खोलीत फळ्यांवर नेब्रास्का वसवलं (ते अमेरिकन राज्य सपाट आहे, मला डोंगर जमत नाहीत). आणि मग मातोश्री आल्या. त्यांचा पलंग नेब्रास्काखाली घालावा लागला. पहिल्याच सकाळी त्या उठल्या त्या डोक्यानं धान्याचं कोठार उडवूनच. खाली आल्या, टोस्टला शांतपणे लोणी लावलं आणि म्हणाल्या, "डेस्मंड, माझ्या केसात गुरं आहेत." मी ती वेचून काढली. त्यांनी दुसरा टोस्ट घेतला, हे जास्त भयंकर.

ग्लेनिसनं इस्टरची मुदत दिली आहे. एक तर खोलीतून नेब्रास्का जाईल, नाही तर आई. आणि "आईला मी कुठे पाठवणार नाही," असंही तिनं त्याच दमात सांगितलं. म्हणजे निवड किती मोकळी ते बघा. मी करवत घेऊन दाराशी जातो आणि परत येतो. डबे पडल्यावर कोटवाला कुणी वाकून बघत नाही अशी माझी या पृथ्वीवर तेवढीच एक जागा आहे. ती कापवत नाही हो.

असो. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमचा,
डेस्मंड

ता. क. : तुमच्याकडची समुद्राकडची खोली रिकामीच आहे ना? मातोश्रींना समुद्राची हवा मानवेल असं डॉक्टर म्हणतात (मी अजून विचारलेलं नाही, पण विचारलं तर म्हणतील). इस्टरच्या आत येऊन घेऊन जावं.

आणखी ता. क. : वरचं रद्द. पत्र टपालात टाकते म्हणून मातोश्री घेऊन गेल्या आणि वाचून परत आल्या. म्हणाल्या, "मी गेले तर गुरुवारचं धान्य कोण पोचवणार? तू?" असं उघडकीला आलं, की मी कामावर गेलो की त्या रोज गाड्या चालवतात. शेजारणी बिस्किटं घेऊन येतात आणि आळीपाळीनं कंट्रोल धरतात. मायलेकींनी आता तोडगा काढलाय : पलंग मध्ये येतो, तो काढायचा. मातोश्री ग्लेनिसजवळ मोठ्या खोलीत झोपतील, पाहुण्यांची आख्खी खोली नेब्रास्काला, आणि मला सोफा, ज्यावर माझे गुडघ्याखालचे पाय मावत नाहीत. काल मी मातोश्रींना विचारलं, की गाडीची एक फेरी मारू का. "वळणावर तू घाई करतोस," म्हणाल्या, आणि डबे पुसायला फडकं दिलं. तेव्हा समुद्राकडची खोली माझ्यासाठी ठेवावी.

शेवटचा ता. क. : त्या खोलीची लांबकडची भिंत किती फूट आहे, ते उलट टपाली कळवा (अमेरिकन गाडी लांब असते). आणि त्या खोलीच्या पलीकडे तुम्ही दोघं झोपता, ती मधली भिंत विटांची आहे की नुसत्या फळ्यांची?